माहितीपटाची सर्वसाधारण सभा

चष्मेवाल्यांच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की ती जुन्या भाडेकरूसारखी ठाण मांडते, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यामुळे त्या सकाळी दुकानाची किल्ली हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या नवऱ्याने "मी प्रेक्षक तयार करणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "दुपारी जेवायला घरी आहात का?"

कारण मागे आदल्या संध्याकाळचा फोन होता. फोन ठकीचा होता. ठकी ही त्यांची एकुलती एक लेक. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ते कुणी वापरत नाही आणि वापरलं तर ती ओ देत नाही. या ठकीने चांगली चाललेली नोकरी सोडून एक माहितीपट केला होता. त्याचं नाव 'फाटक'. रेल्वेचं एक फाटक, ते उघडझाक करणारी एक बाई, आणि फाटक उघडायची वाट बघत थांबलेली माणसं. बस, एवढंच. त्यासाठी ती कितीतरी महिने त्या रुळांच्या कडेला ऊन खात बसली होती. आणि आता तो कुठल्याशा मोठ्या शहरात, मोठ्या सभागृहात पहिल्यांदा दाखवला गेला होता.

"बाबा, मोजकीच माणसं होती," ठकी फोनवर म्हणाली. "त्यातले एक आजोबा गारव्याला आले होते. ते मात्र शेवटपर्यंत थांबले. झोपले होते ना."

आणि ती हसली. चष्मेवालेही हसले. पण त्यांना ते हसू ओळखू आलं. नंबर वाढलाय असं सांगितलं की गिऱ्हाईक असंच हसतं. मग ठकी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आता बघते कुठे नोकरी मिळते का. हा नाद पुरे झाला." फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यांना जेवण गेलं नाही. लेकीचं चित्रपटाचं वेड त्यांना कधी फारसं कळलं नव्हतं, पण ते सुटावं असं त्यांना कधीही वाटलं नव्हतं. आणि एका झोपलेल्या आजोबांमुळे सुटावं, हे तर त्यांना मुळीच सहन होण्यासारखं नव्हतं.

"मग इथेच दाखवा की तिचा सिनेमा, आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये," बायको म्हणाली.

"एकदम?" चष्मेवाले म्हणाले. "अगं, दुहेरी भिंगाचा चष्मा पहिल्यांदा घातला की माणूस जिन्यावर अडखळतो. नजरेला सवय लावावी लागते. या लोकांनी आयुष्यात माहितीपट बघितलेला नाही. पहिलाच ठकीचा दाखवला तर दहाव्या मिनिटाला घरी जाऊन झोपतील. आधी दुसऱ्यांचे दाखवायचे. महिन्याला एक. दिग्दर्शकांना बोलवायचं, चर्चा घडवायची. लोक तयार झाले की मग हळूच चौथा ठकीचा."

"म्हणजे अडखळायला दुसऱ्यांचे."

"तसं म्हणू नकोस," चष्मेवाले म्हणाले. पण बेत अगदी तसाच होता.

एक अट त्यांनी स्वतःला आणि बायकोला घालून घेतली. चौथा चित्रपट लेकीचा आहे हे कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर लोक भिडेखातर येतील, भिडेखातर बसतील आणि "छान, छान" म्हणून टाळ्या वाजवतील. ठकीला असलं "छान" दुरूनच ओळखू यायचं आणि तिला ते झोपलेल्या आजोबांपेक्षाही जास्त लागलं असतं. खुद्द चष्मेवाल्यांनीही चित्रपट अजून बघितला नव्हता. "मोबाईलवर बघायचा नाही, मोठ्या पडद्यावरच बघायचा," असं ठकीने बजावलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं.

हॉलसाठी ते सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नियमांतून झाले नव्हते. त्यांनी चष्मेवाल्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग नियमांची फाइल उघडली.

"हॉल कशासाठी हवा?"

"माहितीपट दाखवायचाय. नंतर दिग्दर्शकाशी चर्चा."

"हॉलचा वापर तीनच कारणांसाठी करता येतो. वाढदिवस, व्यायामवर्ग आणि सभा." सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "वाढदिवस कुणाचा आहे का?"

"नाही."

"व्यायाम होईल का काही?"

"बसून बघायचं असतं."

"मग सभाच," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे सूचना लिहून काढली. सर्व सभासदांना कळवण्यात येते की, सर्वसाधारण सभा अमुक दिवशी दुपारी चार वाजता भरेल. विषय: माहितीपट पाहणे व त्यावर विचारविनिमय करणे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.

चष्मेवाल्यांना हे शेवटचं वाक्य खटकायला हवं होतं. पण हॉल मिळाल्याच्या आनंदात माणूस काय काय वाचतो? ते सेक्रेटरींचे आभार मानून, पायऱ्या दोन दोन करत उतरले.

सूचना फळ्यावर लागली आणि जिन्यातून सल्ले वाहू लागले. मधे गाणी आहेत का, एकाने विचारलं. नसतील तर आपल्याकडची लावता येतील. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की मध्यंतर हवंच, कारण मध्यंतराशिवाय माणसाला आपण कशाच्या मध्यावर आहोत ते कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, ज्यांनी कोर्टात जाणं सोडलं होतं पण वाद घालणं सोडलं नव्हतं, ते चष्मेवाल्यांना दुकानाच्या पायरीवर गाठून म्हणाले, "माहितीपट म्हणजे साक्ष. आणि साक्ष आली की उलटतपासणी आली. दिग्दर्शकाला तयारीनिशी यायला सांगा." त्यातल्या त्यात कामाचा हातभार लावला तो तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. पेशंटना किडलेल्या दाढा मोठ्या करून दाखवण्यासाठी त्यांच्याकडे प्रोजेक्टर होता. तो त्यांनी देऊ केला. खिडक्यांना लावायला चष्मेवाल्यांच्या बायकोने घरातल्या गडद चादरी काढल्या आणि त्या पुन्हा पांघरायला मिळणार नाहीत हे मनाशी मान्य करून टाकलं.

पहिला चित्रपट एका दीपगृहावर होता. दिग्दर्शक धिप्पाड, दाढीवाले, लांबून आलेले. ठरल्याप्रमाणे चारच्या ठोक्याला ते हॉलमध्ये आले. हॉलमध्ये चष्मेवाले होते, त्यांची बायको होती, सेक्रेटरी होते आणि रिकाम्या खुर्च्या होत्या.

"प्रेक्षक?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"येतीलच," चष्मेवाले म्हणाले आणि दाराकडे बघू लागले. डोळ्यांपुढे ते झोपलेले आजोबा उभे राहिले. इथे तर तेही नव्हते.

प्रेक्षक घरीच होते. तयार होऊन, चहा पिऊन, घड्याळाकडे बघत बसले होते. त्या इमारतीत सभेला पहिल्या वेळेवर येण्याची पद्धतच नव्हती. गणपूर्ती व्हायची नाही, सभा तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासाने सगळे यायचे. मागे एक गृहस्थ चुकून वेळेवर आले होते, तर बाकी कुणी नाही म्हणून त्यांनाच खजिनदार करून टाकलं होतं. ते अजून त्यातून बाहेर आलेले नाहीत. तेव्हा सेक्रेटरींनी रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून सभा तहकूब झाल्याचं खड्या आवाजात जाहीर केलं आणि दिग्दर्शक ते तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

अर्ध्या तासाने हॉल भरला. प्रोजेक्टर लागला. पडद्यावर भिंतभर दाढ आली. डॉक्टरीणबाई लगबगीने पुढे आल्या, दाढ गेली आणि समुद्र आला. समुद्र धूसर होता. आता पडद्यावरचं चित्र स्पष्ट करायला दोन क्षण लागावेत. पण प्रोजेक्टरच्या भिंगाला हात लागला मात्र, चष्मेवाले हॉलमध्ये आहेत हे विसरले आणि दुकानात असल्यासारखे, रोजच्या त्या शांत सुरात म्हणाले, "हं. आता नीट बघा. हे स्पष्ट... की हे?"

"पहिलं," अर्धा हॉल म्हणाला.

"दुसरं," उरलेला म्हणाला.

"पहिलं परत दाखवा बघू."

"मला दोन्ही सारखंच दिसतंय," मागून एक आवाज आला.

वकीलसाहेबांनी हात वर करून मतदानाची मागणी केली. चष्मेवाल्यांना खरं तर तिथेच आवरतं घेता आलं असतं. पण दोन्ही सारखंच दिसणं ही त्यांच्या लेखी गंभीर बाब होती. ते प्रोजेक्टर सोडून मागच्या रांगेत गेले, त्या गृहस्थांच्या नाकावरचा चष्मा त्यांनी अलगद काढला, उजेडात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा कुणी केला?"

"तुम्हीच," गृहस्थ म्हणाले. "गेल्याच वर्षी."

चष्मेवाल्यांनी तो चष्मा स्वतःच्या शर्टाला पुसला, परत जागेवर बसवला आणि ते पुढे आले. तोवर दिग्दर्शकांनी चित्र स्पष्ट करून घेतलं होतं. त्या आठवड्यात इमारतीतल्या कितीतरी लोकांनी सहज म्हणून दुसऱ्या दुकानात जाऊन नंबर तपासून घेतले, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

चित्रपट चांगला होता. पण संपल्यावर "आता आपण दिग्दर्शकांशी चर्चा करू" असं चष्मेवाले म्हणायच्या आत सेक्रेटरी उठले आणि मागील सभेचं इतिवृत्त वाचू लागले. कारण सभा म्हटली की इतिवृत्त आलं. गच्चीवरच्या टाकीची गळती, वाहनं वेडीवाकडी लावण्याची तक्रार, लिफ्टमधला आरसा, हे सगळं दिग्दर्शकांनी मान खाली घालून ऐकलं. मग वकीलसाहेबांनी ठराव मांडला की, चित्रपटातल्या दीपगृहाच्या रखवालदाराला वर्षातून दोनदा घरी जाण्यासाठी रजा मिळावी. अनुमोदन मिळालं. हात वर झाले. ठराव एकमताने मंजूर झाला.

"तो रखवालदार मागच्या वर्षी वारला," दिग्दर्शक म्हणाले.

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "मग दुखवट्याचा ठराव आधी घ्यायला हवा होता," ते म्हणाले. "हे आपण सुरुवातीलाच सांगायला नको का?"

दिग्दर्शक चहा न घेता गेले. जाताना त्यांनी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण त्या हातात चक्क कीव होती.

त्या रात्री चष्मेवाल्यांनी दुसऱ्या महिन्यात काय काय करायचं नाही ते मनात घोकलं. भिंगाला हात लावायचा नाही. सेक्रेटरींच्या हातापाया पडून इतिवृत्त आधी उरकून घ्यायचं. सूचना फळ्यावर साडेतीनची लावायची म्हणजे लोक बरोबर चारला येतील. हे सगळं त्यांनी केलं, आणि दुसऱ्या वेळी वेगळंच घोडं पेंड खाऊ लागलं.

त्या खेपेच्या दिग्दर्शिका फारच मितभाषी होत्या आणि त्यांचा चित्रपट त्यांच्याहून मितभाषी होता. ओसाड रस्ता, बसथांबा आणि बसची वाट बघणारा एक म्हातारा. चित्र हलायचं नाही. म्हातारा हलायचा नाही. थोडा वेळ झाला की कुणीतरी ओरडायचं, "अडकलं." दिग्दर्शिका हळूच म्हणायच्या, "तो शॉटच आहे." पुन्हा थोड्या वेळाने, "अडकलं हो." पुन्हा, "शॉट आहे." तिसऱ्या वेळी सेक्रेटरींनी जनहितार्थ प्रोजेक्टरची वायर काढून परत लावली. पडद्यावर दाढ आली आणि चित्रपट पहिल्यापासून सुरू करावा लागला. ओसाड रस्ता, बसथांबा, म्हातारा. मग एकेक जण फोन आल्यासारखं करत बाहेर गेला तो गेलाच. उरलेली माणसं एका बाकावर मावली असती.

"तो शेवटी बसमध्ये चढला का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शेवटी बस येऊन म्हाताऱ्याच्या पुढ्यात उभी राहते, आणि ती निघायच्या आतच पडदा काळा होतो.

"तुम्हाला काय वाटतं?" दिग्दर्शिका म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना राग आला. पैसे देऊन बोलावलेल्या गवंड्याने भिंत कुठे बांधू असं आपल्यालाच विचारावं, तसा तो राग होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चष्मेवाल्यांना जिन्यात भेटल्या, तेव्हा नमस्कार न करताच म्हणाल्या, "चढला नाही. तुम्ही त्याचे पाय बघितलेत ना? चढायचं असलेला माणूस असे पाय ठेवत नाही." वरून वकीलसाहेब उतरत होते. ते म्हणाले, "हरकत. पिशवी हातात घेतली होती. हेतू स्पष्ट आहे." ते तर अर्ध्यातून उठून गेले होते, पण त्याने त्यांचं काही अडलं नाही. आठवडाभर जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यापाशी तो म्हातारा बसमध्ये चढत होता आणि उतरत होता. ज्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता तेही हिरीरीने बाजू घेत होते. चष्मेवाले हे सगळं ऐकत आणि दुकानात जाऊन एकटेच हसत.

त्यामुळे तिसऱ्या वेळी बरेच लोक आले. आले नाहीत ते दिग्दर्शक. त्यांची गाडी कुठेतरी बंद पडली. चित्रपट दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिरावर होता. तो संपला, दिवे लागले, आणि पुढे कुणीच पाहुणा नाही म्हटल्यावर सेक्रेटरींना सभा सुरू कशी करावी ते कळेना. तक्रार करायची तर कुणाकडे? ठराव पाठवायचा तर कुणाला? मग माणसं नाइलाजाने एकमेकांशीच बोलू लागली. कुणाला थरथरत्या हाताच्या त्या कारागिराने एका दमात सरळ रेघ ओढली ते आठवत होतं, कुणाला त्याची सगळ्या पाट्या तोंडपाठ असलेली बायको. सेक्रेटरी उभे राहिले. "माझ्या वडिलांच्या दुकानाची पाटी अशीच होती," ते म्हणाले. "हिरवी." आणि खाली बसले. ते कुठल्या विषयात धरायचं हे इतिवृत्तात कधीच आलं नाही.

तयार झाले, चष्मेवाल्यांनी मनात म्हटलं आणि त्याच संध्याकाळी ठकीला फोन लावला.

"कोण येणार आहे, बाबा?" ठकी म्हणाली. सोमवारी तिची एका जाहिरातीच्या कंपनीत मुलाखत होती. पंख्यांच्या जाहिराती करायच्या होत्या. नोकरी जवळजवळ ठरल्यातच जमा होती.

"तू रविवारी ये तर. सोमवारी जा मुलाखतीला."

"शेवटचा म्हणून येते," ती म्हणाली. हे "शेवटचा" चष्मेवाल्यांनी बायकोला सांगितलं नाही.

इतकं सगळं जुळून आलं आणि शुक्रवारी माशी शिंकली. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात सहज विचारलं की या वेळचे दिग्दर्शक कोण, आणि चष्मेवाल्यांच्या बायकोने तितक्याच सहज सांगितलं, "आमचीच आहे की." अंधार पडायच्या आत सगळ्या इमारतीला कळलं.

"अगं, काय केलंस हे?" चष्मेवाले डोकं धरून बसले. "इतके महिने मी तोंड शिवून बसलो. आता सगळे कौतुक करायला येतील."

"मग करू देत की," बायको म्हणाली. "माझी पोर ऊन खात बसली होती तिथे. जरा कौतुक झालं तर काय बिघडलं? आणि मला खोटं बोलता येत नाही, हे लग्नाच्या आधी सांगितलं होतं तुम्हाला."

रविवारी चष्मेवाल्यांची भीती खरी ठरली. सूचनेतल्या साडेतीनला, म्हणजे इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच पहिल्या वेळेवर, हॉल भरला. लोकांनी घरून खुर्च्या आणल्या होत्या. केस विंचरलेले, चेहरे हसरे. एरवी जे "अडकलं" म्हणून ओरडायचे त्यांनी ठकीला बघून मान हलवून ओळख दाखवली. चष्मेवाल्यांना ती वेळेवर आलेली माणसं बघून रडू यायचं बाकी राहिलं.

ठकीने हॉलवर नजर फिरवली. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "हे सगळे तुमच्यासाठी आलेत."

चष्मेवाल्यांनाही तेच वाटत होतं.

चित्रपट सुरू झाला. चष्मेवाले पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि लोकांच्या चेहऱ्यांकडे बघू लागले. कोण जांभई देतंय, कोण घड्याळ बघतंय, कोण उगाच हसतंय. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर कमीजास्त होत होता. मागून रेल्वेची शिट्टी, सायकलची घंटा, एका बाईचा घोगरा आवाज. बराच वेळ ते चेहरे तसेच विंचरल्यासारखे नीटनेटके होते. मग वकीलसाहेबांच्या तोंडून हसू फुटलं आणि ते त्यांचं त्यांनाच नवं वाटलं. डॉक्टरीणबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. कुणाचा तरी चहाचा पेला हातातच राहिला.

आणि तेवढ्यात खिडकीवरची चादर सुटली. चारचं ऊन भसकन आत आलं आणि पडदा पांढराफटक पडला. चष्मेवाले धावणार, तोवर खिडकीपाशी बसलेले सेक्रेटरी उठले. त्यांनी चादरीचं एक टोक उचलून धरलं. दुसरं वकीलसाहेबांनी धरलं. खिळा निघून पडला होता, त्यामुळे ते दोघं तसेच हात वर करून, माना वळवून, उरलेला सगळा चित्रपट उभ्याने बघत राहिले. एकदा चष्मेवाले त्यांची जागा घ्यायला गेले तर सेक्रेटरी म्हणाले, "सरका. दिसत नाहीये."

चित्रपट संपला. दिवे लागले. टाळी पडली नाही. चष्मेवाल्यांनी ठकीकडे बघायचं टाळलं.

"मधला भाग लांबला," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचे हात अजून वरच होते.

चष्मेवाले चटकन पुढे सरसावले. कौतुक नको होतं हे खरं, पण म्हणून असं? "अहो, माझी लेक आहे ती," हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"फाटक पडतं, गाडी जाते, फाटक उघडतं," सेक्रेटरी पुढे म्हणाले. "परत पडतं. एकदा दाखवलं की कळतं माणसाला."

"हरकत," चादरीच्या दुसऱ्या टोकाहून वकीलसाहेब म्हणाले. "थांबलेल्या माणसाला जितका वेळ वाटतो तितकाच दाखवलाय. तुम्हाला कंटाळा आला ना? त्यांनाही आला होता. मुद्दा सिद्ध झाला."

"ते राहू द्या," डॉक्टरीणबाई मधेच म्हणाल्या. "फाटकावरच्या बाईंना लोक इतकं वेडंवाकडं बोलतात आणि त्या हसतात. का हसतात, विचारलंत का तुम्ही त्यांना?"

चष्मेवाल्यांनी आता ठकीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ती सरळ झाली. "विचारलं," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलंही. मी ते कापलं."

"कापलं? का?"

"सांगितल्यावर त्यांचं हसू छोटं झालं."

"ते तुम्ही कोण ठरवणार?" मागून आवाज आला. "बाईंनी उत्तर दिलं होतं ना? मग आम्हाला ऐकू द्यायचं."

आणि मग हॉलमध्ये जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. उत्तर ठेवावं म्हणणारे एकीकडे, कापलं ते बरं केलं म्हणणारे एकीकडे. ठकी पुढे आली, टेबलावर चढून बसली, केस वर बांधले आणि भांडू लागली. कुणाचं खोडत होती, कुणाचं ऐकून गप्प होत होती, मधेच "थांबा, हे परत सांगा" म्हणत होती. चष्मेवाल्यांना आता कुठे उलगडा झाला. ही माणसं घरात, जिन्यात, दारात भीड पाळतील, पण सभा म्हटल्यावर त्यांना भीड पाळताच येत नव्हती. पाळायची ठरवून, केस विंचरून आली होती बिचारी, आणि मधल्या कुठल्यातरी फाटकाला ते विसरून गेली होती. त्यांचं चित्रपटावर खरोखर भांडण लागलं होतं.

"ठराव मांडतो," वकीलसाहेब म्हणाले. "कापलेलं उत्तर पुन्हा घालण्यात यावं."

"नामंजूर," ठकी म्हणाली.

"दिग्दर्शकाला एकट्याला ठराव फेटाळता येतो का?" वकीलसाहेबांनी सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरींना नियम आठवेना.

"यातलं आता काही बदलणार नाही," ठकी म्हणाली. "पण पुढच्या चित्रपटाच्या वेळी मी कापायच्या आधी तुम्हाला दाखवेन. मग घाला काय तो गोंधळ."

चष्मेवाल्यांची बायको मागे चहाचे पेले भरत होती, ती थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. पुढच्या, असं म्हणाली होती. सहज, बोलण्याच्या ओघात, दुसरं काही असूच शकत नाही अशा सुरात. चष्मेवाल्यांना एकदम खाली बसावंसं वाटलं, पण जवळ रिकामी खुर्ची नव्हती.

"चष्मेवाले, तुम्ही काहीच बोलला नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कुणाच्या बाजूचे? लांबला का नाही?"

सगळे त्यांच्याकडे वळले. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. "वकीलसाहेब दोनदा हसले," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा जरा जास्त. तुम्ही पुढे सरकलात ती मग मागे टेकलाच नाहीत. सेक्रेटरींनी हात दुखत असताना एकदाही टोक सोडलं नाही. आणि शेवटी शेवटी, ती लांब शिट्टी झाली ना, तेव्हा मागची रांग सगळी गप्प झाली, कुणी खोकलंसुद्धा नाही. म्हणजे... चांगलाच असणार."

"असणार?" ठकी टेबलावरून खाली उतरली. "बाबा, ती शिट्टी झाली तेव्हा पडद्यावर काय होतं?"

"तिकडे माझी पाठ होती."

"पूर्ण वेळ?"

"मी बघणाऱ्यांना बघत होतो," चष्मेवाले म्हणाले. आपण किती मोठा गाढवपणा केलाय हे बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचे कान तापले.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ठकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढली, पडद्यासमोर मधोमध ठेवली आणि बापाला दोन्ही खांद्यांना धरून तिच्यात बसवलं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. हॉलची वेळ संपली होती. तरी त्यांनी वकीलसाहेबांना खूण केली आणि चादर पुन्हा वर गेली. कुणीतरी दिवे घालवले. ज्यांना जायचं होतं ते जाऊ शकत होते, पण खुर्च्या सरकल्याचा आवाज आला तो लोक पुन्हा बसत असल्याचा होता.

पडदा उजळला. रूळ दिसले, पहाटेचे. तांबडं-पांढरं फाटक हळूहळू खाली येऊ लागलं. चष्मेवाल्यांना राहवलं नाही, मागे किती जण उरलेत ते बघायला त्यांनी मान वळवली.

"बाबा, पुढे बघा," ठकी म्हणाली.

ते पुढे बघू लागले. आणि ठकी पडद्याच्या कडेला, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली.